तुझी पॅनलं, माझी शेड

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळपासून तुझा फ्रीज रिकामा करते आहे.

तुझा तेरावा झाला, पाहुणे गेले. विलासभाऊजी आता खाली आमच्याकडेच जेवतात. काल भात कालवता कालवता म्हणाले, "वहिनी, वरचा फ्रीज बंद करून टाका. मी एकटा काय ठेवणार त्यात." म्हणून आज रजा टाकली आणि तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसले, फ्रीजचं दार सताड उघडं टाकून. इडलीचं पीठ फसफसून झाकणाबाहेर आलंय. वाटीभर खोबरं पिवळं पडलंय. अर्ध्या चिरलेल्या लिंबांची तर वरात आहे. एक संपवून मग दुसरं चिरावं, हे तुला इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नाही. अंड्यांच्या खणात नेलपॉलिश. असा फ्रीज मी ठेवला असता तर सासूबाई चारचौघांत बोलल्या असत्या. तुला मात्र हसून म्हणायच्या, "आमची शुभांगी म्हणजे वेंधळी." वेंधळी हा शब्द इतक्या लाडाने उच्चारता येतो, हे तू या घरात धाकटी जाऊ म्हणून आलीस तेव्हा मला कळलं.

हे मी रडण्यासाठी लिहीत नाही. रडणारे पुष्कळ झाले. तू गेलीस त्या दिवशी जिन्यात चपला ठेवायला जागा नव्हती. भाजीवाली आली, तुझी शिंपीण आली, उल्हासनगरचा तो कापडवाला दुकान बंद ठेवून आला. माझ्या वेळी एवढे येतील का, हा विचार मी तिथेच, तुझ्या उशाशी बसून केला. तू असतीस तर तुला तो सांगितला असता, आणि तू म्हणाली असतीस, "काळजी करू नका ताई, तुमच्या वेळी मी एकटी दहा जणींचं रडेन." आता तीही सोय गेली.

लिहिते आहे कारण एक गोष्ट उद्या ठरायची आहे. उद्या सकाळी हरेशभाई माप घ्यायला येतो आहे. गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची आणि तुझी सोलारची पॅनलं काढायची.

तुला यात नवीन काही नाही. सासऱ्यांनी हे घर बांधलं तेव्हा खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा आणि गच्ची दोघांची, असं ठरवून गेले. दोघांची म्हणजे जो वर राहतो त्याची, हे त्यांना कळायला हवं होतं. मला तिथे शेड हवी होती. अंबरनाथच्या पावसात गच्चीचं पाणी जिन्याच्या भिंतीत मुरतं आणि ती ओल थेट माझ्या स्वयंपाकघरापर्यंत उतरते. कपडे चार महिने घरात वाळतात, घराला कुबट वास येतो. गल्लीत सगळ्यांनी शेड टाकल्या. आणि तू एके दिवशी सोलारचं खूळ घेऊन आलीस.

दोन्ही होईल, असं भाऊजींना वाटत होतं. हरेशभाईने तेव्हाच सांगून टाकलं, "भाभी, पाणी रोडकडे काढायचं तर पत्रा उत्तरेला झुकणार. पॅनलला पाहिजे साउथ. दोनों का झगड़ा है, एक रखो." सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघायची पद्धत आपल्या घरात नाही. पॅनलं आली.

मग सुरू झाला तुझा दरबार. मी बी.एस्सी., फिजिक्स. रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये उभं राहून पायांच्या शिरा फुगल्या माझ्या. तू बी.ए. मराठी. आणि सोलार समजून घ्यायला गल्ली यायची तुझ्याकडे. "ढग असताना काय करतं हो हे?" असं कुणी विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर होतं. ढग म्हणजे गाळणी. "चहा गाळला म्हणून चहा नाहीसा होतो का? थोडा गाळणीत राहतो, बाकीचा कपात येतो." मी म्हणायचे, अगं, गाळणीचा काय संबंध. ढगातल्या थेंबांवर आपटून उजेड चहूकडे विखुरतो, आणि पॅनलला कडक ऊनच लागतं असं नाही, विखुरलेला उजेडही चालतो, फक्त कमी मिळतो. लोक माझ्याकडे बघून मान डोलवायचे आणि तुझ्याकडे वळून विचारायचे, "मग वहिनी, आलं घातलं तर?" की सगळे हसायचे. बरोबर उत्तर माझं होतं. हशा तुझा होता.

एकदा भर दुपारी वादळात लाइट गेली. समोरचे आजोबा खिडकीतून ओरडले, "काय शुभांगीबाई, सोलारवाले तुम्ही, मग पंखा का बंद?" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं. बाहेरची लाइट गेली की हे सोलारही आपोआप बंद होतं, नाहीतर आपली वीज उलटी तारेत चढेल, हे मला ठाऊक होतं. तुला ते समजावून सांगता येणार नाही अशी माझी खात्री होती. तू गॅलरीत जाऊन म्हणालीस, "आजोबा, खांबावर वायरमन चढलाय. त्याला मारून पंखा लावू का?" आजोबा आठवडाभर ते जो भेटेल त्याला सांगत होते.

आणि तुझा तो नियम. बघायला यायचं असेल तर पावसाळ्यात या. "ऊन असताना कुणीही दाखवेल. ढग दाटले की या, मग ठरवा." बदलापूरहून, उल्हासनगरहून माणसं ओल्या छत्र्या घेऊन यायची. जिना चिखलाने भरायचा, आणि पुसायचा कुणी, तर जी खाली राहते तिने. तू त्यांना चहा पाजायचीस, गच्चीवर न्यायचीस, मग जिन्याखाली ती इन्व्हर्टरची पेटी दाखवायला आणायचीस. पेटी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला लागून. तिथून हाक यायची, "ताई, जरा या हो. यांना तुम्हीच आकडा वाचून दाखवा." आणि त्यांच्याकडे वळून, "यांचा माझ्या सोलारवर काडीचा विश्वास नाही. म्हणजे या खरं तेच सांगतील." मी पिठाच्या हाताने येऊन आकडा वाचायचे. मे महिन्यात दिवसाला बारा-तेरा युनिटं देणारं ते यंत्र आषाढात तीन द्यायचं. अगदी अंधारून आलं तर एक. मी तसंच सांगायचे, एक. तुझं तोंड पडावं अशी इच्छा असायची. तू म्हणायचीस, "बघा. एवढा काळोख आणि तरी शून्य नाही."

शून्य नाही. त्यावरून आपण किती भांडलो असू. मी म्हणायचे, चार महिने झोपा काढणारं यंत्र घरात कशाला. तू म्हणायचीस, "ताई, तुम्ही दर रविवारी दुपारी झोपता. कंपनीने काढून टाकलं का तुम्हाला?" मी हिशेब मांडायचे, तू उपमा द्यायचीस. हिशेबानेसुद्धा वर्षाकाठी तुझंच बरोबर निघायचं, कारण उन्हाळ्यात जास्तीची वीज बाहेर जायची आणि ती पावसाळ्याच्या बिलांतून वळती व्हायची. ते बिल मीच वाचायचे. तू वाचायचीसुद्धा नाहीस. पायावर धोंडा पडला तरी तो मऊ निघावा, असं नशीब तुझं.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? केतकी.

रोज संध्याकाळी माझी मुलगी पुण्याहून तुला फोन करायची. तिने सोलारचं ॲप तुझ्या फोनवर घातलं, स्वतःच्याही घातलं. आकडा तिला तिथे दिसायचाच. तरी विचारायची, "काकू, आज किती?" तू स्पीकरवर टाकून कांदा चिरत बोलायचीस. "साडेतीन. सकाळी थोडं उघडलं होतं." "इकडे तर नुसती भुरभुर." "मग भजी कर." "एकटीला काय भजी?" "एकटीला केली की सगळी आपल्यालाच मिळतात, वेडे." मी खाली जिन्यात उभी राहून ऐकायचे. ढगांबद्दल रोज इतकं बोलता येतं आणि त्यात एखाद्या मुलीचा सगळा दिवस सांगून होतो, हे मला जमलं नसतं. मला ती रविवारी फोन करायची. मी विचारायचे, पगार झाला का, गॅस आला का. लोक म्हणायचे, शुभांगीला मूल नाही बिचारीला. मला माहीत होतं, तुला अर्धं आहे आणि ते माझं आहे.

तू गेल्यापासून ती रोज मला फोन करते. "आई, जेवलीस?" "हो. तू?" "हो." मग दोघी फोन कानाला धरून बसतो. तुमच्याकडे आकडा होता. आमच्याकडे काहीच नाही.

परवा तिला सांगितलं, पॅनलं काढतोय. ती म्हणाली, "काढा. तुमची गच्ची आहे." तुमची म्हणाली. आपली नाही.

उपकार विसरणारी मी नाही, तेही लिहून ठेवते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना खालची चूल तू सांभाळलीस. वरून खाली, खालून वर, तुझ्या दमेकरी फेऱ्या. एकदाही बोलून दाखवलं नाहीस. मी उठून पुन्हा स्वयंपाकाला लागले, त्या पहिल्या दिवशी यांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "शुभांगी काय घालत होती गं यात?" मी तुला विचारलं नाही. आज फ्रीजमध्ये चिंचगुळाच्या कोळाची बाटली सापडली, भाजलेलं जिरं घालून ठेवलेली. तेवढी टाकली नाही. खाली नेणार आहे. एवढं साधं होतं ते.

शेवटचं भांडणही शेडचंच. जिन्यात, तू भाजीची पिशवी घेऊन चढत होतीस. मी म्हटलं, या वर्षी भिंतीला बुरशी आलीये, आता मी ऐकणार नाही, शेड हवीच. तू म्हणालीस, "पत्र्याखाली बसून आकाश कसं बघाल ताई?" मी म्हटलं, मला आकाश बघायचं नाही, चादरी वाळवायच्यात. तू कठड्याला धरून हसलीस आणि म्हणालीस, "उद्या भांडू. आज दम लागतोय." मला वाटलं, विषय टाळतेस. दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यात होतीस आणि त्यानंतर काही भांडण्यासारखं उरलं नाही.

आता मला शेड मिळते आहे. भाऊजींना विचारलं, तर वर न बघताच म्हणाले, "काढून टाका वहिनी. मला ती गच्ची बघवत नाही. तुम्ही म्हणाल तसं." मी म्हणेन तसं. हे वाक्य या घरात ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. आणि ते अशा आवाजात मिळालं की घ्यावंसं वाटेना. तू तिकडे बसून गंमत बघत असशील. तुझ्यासारखी सुटका कुणाची झाली नाही. भांडण अर्धं टाकून गेलीस, आणि अर्ध्या भांडणात माणूस हरत नाही. आता आयुष्यभर सगळे म्हणतील, शुभांगीचं सोलार ढगातही चालायचं, थोरलीने काढलं. थोरली.

फ्रीज पुसून झाला. दार उघडं ठेवून, आत सोड्याची वाटी ठेवून आले आहे. उद्या हरेशभाई येईल.

रविवार, दुपार. काय झालं ते लिहून ठेवते.

सकाळी आभाळ असं भरून आलं होतं की स्वयंपाकघरात दिवा लावून पोहे करावे लागले. हरेशभाई त्याच्या माणसाला घेऊन आला, वर गेला, टेप लावली. वरूनच ओरडला, "भाभी, पॅनल का क्या करना है? उल्हासनगरमध्ये घेणारा आहे माझ्याकडे. कल ही उठा लेगा." मी म्हटलं, आधी माप घे.

तेवढ्यात फाटकाशी एक जोडपं येऊन उभं राहिलं. पन्नाशी-साठीचं, पालेगावचं. एकाच छत्रीत दोघं, आणि बाईच्या हातात अळूच्या पानांची जुडी. बाई म्हणाली, "शुभांगीताय हायेत का? त्यांनी बोलवलेलं. म्हणाल्या, ढग दाटलं का या. आज बरंच दाटलंय, म्हणून आलो."

मी सांगितलं. जसं घडलं तसं सांगितलं, दारातच.

ती बाई खाली पायरीवर बसली आणि रडायला लागली. तुला ती एकदाच भेटली होती, मंडईत, भेंडी निवडताना. एकदाच. मी पाणी आणून दिलं. मला इतक्या दिवसांत असं बसता आलेलं नाही, आणि ही अळूची पानं मांडीवर घेऊन माझ्या पायरीवर बसून रडते आहे. नवरा बिचारा छत्री मिटून उभा. म्हणाला, "आम्ही जातो. वाईट वाटलं." मग जाता जाता थांबला. "नवीन घर बांधलाय आम्ही. पोरगा म्हणतो सोलार लावू. गावातले म्हणतात, आपल्याकडं चार महिने आभाळ, पैसा पाण्यात जाईल. त्या म्हणालेल्या, डोळ्यांनी दाखवते. आता कोण दाखवणार?"

मी त्यांना वर घेऊन गेले. दुसरं काय करणार होते.

गच्चीवर हरेशभाई पॅनलच्या खालून टेप ओढत होता. बाईने विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणाला, "ये तो निकल रहा है." बाई माझ्याकडे वळली. "का हो ताय? बिघडलं?"

हो म्हणाले असते तर संपलं असतं. त्या दोघांनी गावात जाऊन सांगितलं असतं, अंबरनाथची बाई गेली आणि तिचं सोलारही पावसात बसलं. पण शुभांगी, तू मला या कामाला लावून ठेवलं होतंस. पेटीसमोर उभी राहिले की माझ्या तोंडून खोटं निघत नाही.

"बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "चालतं."

"मग काढताय कशाला?"

मी भिंतीच्या ओलीचं सांगितलं. त्या माणसाने जिन्याची भिंत बघितली, गच्चीच्या कडेला बसून हाताने चाचपली आणि म्हणाला, "ही ओल वरून नाय हो. तुमचा पावसाच्या पाण्याचा पाइप फुटलाय इथं, कोपऱ्यात. प्लास्टर काढून बघा." हरेशभाईही वाकून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, हे तुला इतक्या वर्षांत दिसलं नाही? तो म्हणाला, "भाभी, मैं शेडवाला हूँ, प्लंबर थोड़ी." कपड्यांचा प्रश्न उरलाच, पण तो मी त्यांना सांगितला नाही.

खाली आणून पेटी दाखवली. सकाळपासूनचं अर्धं युनिट. मी तसंच वाचलं. दोघांचे चेहरे उतरले. माणूस म्हणाला, "यात काय व्हायचं?"

मी उजेड विखुरतो वगैरे सांगायला लागले. दोघं भल्या माणसांसारखी मान डोलवत होती, म्हणजे काही कळत नव्हतं. मग मी थांबले. त्या बाईच्या हातातल्या जुडीकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही आगोट भरता ना घरात? पावसाच्या आधी?"

"भरतो तर. सुकट, बोंबील, मसाला, तांदूळ. सगळं वैशाखात."

"पावसात बाजारात काय मिळतं मग?"

"मिळतं थोडं थोडं. पण त्याच्यावर कोण बसतो? भरलेलं खायचं, वर जे मिळेल ते."

"तसंच आहे हे," मी म्हटलं. "वैशाखात हे घराला लागते त्याहून जास्त वीज करतं. जास्तीची बाहेर तारेत जाते, तुमच्या नावावर जमा राहते. पावसात ती बिलातून वळती होते. वर रोजचं हे अर्धं, एक, दोन, जे मिळेल ते. नुसता पावसाळा बघून ठरवाल तर फसाल. नुसता उन्हाळा बघून ठरवाल तरी फसाल. वर्षाचं बघा."

बाईने जुडी दुसऱ्या हातात घेतली. मग नवऱ्याला म्हणाली, "उन्हाची आगोट, हो. दुसरं काय."

तो हसला. पहिल्यांदाच. "आता समजलं," म्हणाला. मग फोन काढला. काही विचारायचं झालं तर नंबर द्या म्हणाला. मी माझा दिला. नाव काय घालू, म्हणाला. मी नाव सांगितलं. त्याने ते तुझ्या नंबराखाली घातलं. तुझा त्याने पुसला नाही, हे मी बघितलं.

ते गेल्यावर हरेशभाईला म्हटलं, टेप गुंडाळ आणि एक प्लंबर पाठव. तो म्हणाला, "शेड कॅन्सल?" मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू, जिन्याच्या टोकावर दोरीपुरता छोटा पत्रा बसतो का ते. तो म्हणाला, "वो तो बैठेगा." मग आत येऊन अळूची पानं धुतली. ती बाई कट्ट्यावर ठेवून गेली होती.

आगोटीची गोष्ट तुझ्या गाळणीपेक्षा शंभर पटीने चांगली होती, शुभांगी. बरोबरही होती आणि लोकांना कळलीही. तू असतीस तर दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला ती तुझी म्हणून सांगितली असतीस, आणि मी खाली उभी राहून जळले असते. आज दुपार झाली. ती अजून माझ्याकडेच आहे.